साहेब कसे आहेत?

तालुक्याच्या कोर्टात ज्याने एकदा तरी तारीख भरली आहे, त्याला हा प्रश्न नवा नाही. आमच्या घरचा बांधाचा एक दावा बरीच वर्षे चालू होता. शाळेला सुट्टी असली की अब्बा मला सोबत न्यायचे. कोर्टाच्या आवारात चिंचेचे मोठे झाड होते. त्याच्या सावलीत पक्षकार, साक्षीदार, स्टॅम्प विकणारे आणि अर्ज लिहून देणारे बसलेले असत. दर दोन-तीन वर्षांनी न्यायाधीशांची बदली होई आणि नवे साहेब आले की त्या झाडाखाली एकच प्रश्न फिरत राही, “साहेब कसे आहेत?” उत्तरेही ठरलेली असत. साहेब चांगले आहेत, पण घाईचे आहेत. साहेब ऐकून घेतात. साहेब मोठ्या वकिलाचे तोंड बघून निकाल देतात. साहेब आपले आहेत. साहेब त्यांचे आहेत.

न्यायाधीशाचे इतके सविस्तर मूल्यमापन दुसरीकडे कुठे होत नसेल. पण ते कुठे लिहिले जात नसे आणि त्याखाली कुणाची सहीही नसे. न्याय देणाऱ्याला जोखायचे कुणी, कोणत्या मापाने आणि किती मोठ्या आवाजात, हा प्रश्न मात्र चिंचेच्या झाडाइतका लहान नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपलेही पुष्कळ काही आहे.

मराठीत कोर्टाची जी भाषा आहे तिच्याकडेच आधी पाहावे. अदालत, वकील, दावा, फिर्याद, जामीन, जप्ती, तारीख, हुकूम हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले की ते बाहेरचे आहेत असे कुणाला वाटत नाही. हे शब्द जिथून आले, त्या जगात काजीवर बोलण्याची आणि लिहिण्याची प्रथा फार जुनी होती. वकी या नावाने ओळखला जाणारा, इ. स. ९१८ मध्ये वारलेला ग्रंथकार स्वतः अहवाझचा काजी होता. त्याने शहराशहरांतल्या काजींची हकिकत सांगणारा ‘अखबारुल कुजात’ हा ग्रंथ लिहिला. त्यानंतरच्या पिढीत इजिप्तच्या अल्-किंदीने (मृत्यू ९६१) आपल्या देशातील सुभेदारांचा आणि काजींचा इतिहास लिहिला. या ग्रंथांत काजींची केवळ स्तुती नाही. कोणत्या काजीने कोणता निकाल दिला, कोण सुभेदारापुढे वाकला, लोकांनी कुणाविरुद्ध तक्रार केली, कुणावर कवींनी टोमणे मारले, हे सारे त्यांत नावानिशी नोंदले आहे. म्हणजे काजीची गादी मोठी होती, पण तिच्यावर बसणारा माणूस लोकांच्या तोंडातून सुटलेला नव्हता.

किंदीने सांगितलेली खैर इब्न नुऐम या काजीची हकिकत लक्षात राहण्यासारखी आहे. आठव्या शतकातला हा काजी मुसलमानांचे तंटे मशिदीत ऐकत असे. ते आटोपले की तो मशिदीच्या दाराशी येऊन बसे आणि ख्रिस्ती रयतेच्या फिर्यादी ऐके. एकदा त्याने एका शिपायाला कैदेत ठेवले. दुसरा साक्षीदार यायचा होता, तोवर त्याला अडकवून ठेवणे जरूर होते. सुभेदाराने त्या शिपायाला परस्पर सोडून दिले. काजीने काही गवगवा केला नाही. तो घरी जाऊन बसला आणि शिपाई पुन्हा कैदेत येईपर्यंत काम करायला त्याने नकार दिला. किंदीने त्याला मोठे ठरवले ते त्याच्या निकालांच्या संख्येवरून नव्हे. तो सर्वांचे ऐकत होता आणि सुभेदाराला घाबरत नव्हता, या दोन गोष्टींवरून ठरवले.

महाराष्ट्रालाही हे माप अनोळखी नाही. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ मध्ये झाला. त्याबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारे रामशास्त्री प्रभुणे मराठी माणसाच्या मनात असे बसले की ‘रामशास्त्री बाणा’ हा भाषेतला शब्दच झाला. एखाद्या न्यायाधीशाला लोक याहून मोठे प्रशस्तिपत्र काय देणार? आणि ज्याच्यात तो बाणा नाही, त्याच्यावर याहून बोचरा शेरा कोणता मारणार?

इंग्रजी अमदानीत हायकोर्टे आली आणि त्यांबरोबर न्यायालयाच्या बेअदबीचा कायदाही आला. न्यायाधीशावर बोलणे धोक्याचे झाले, पण थांबले नाही. मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर झालेले खटले हे त्याचे ठळक उदाहरण. या खटल्यांत आरोपीबरोबर न्यायाधीशही जनतेच्या तराजूत बसले.

पहिला खटला १८९७ चा. पुण्यात प्लेगचा कहर होता. २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आला होता आणि त्यात अफझलखानाच्या वधाचे समर्थन करणारे भाषण छापले होते. त्यावरून राजद्रोहाचा आरोप ठेवून २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. खालच्या कोर्टातील चौकशी चालू असतानाच हायकोर्टात अर्ज गेला. तो न्या. पार्सन्स आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे आला आणि नामंजूर झाला. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर पुन्हा अर्ज झाला. ४ ऑगस्ट रोजी तो न्या. बदरुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला.

तय्यबजी कोण, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १८४४ चा जन्म, १८६७ मध्ये बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि १९०२ मध्ये त्याच कोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती. परंतु त्या ऑगस्टमध्ये ते ज्या खुर्चीत बसले होते, तिची अडचण लक्षात घ्यावी. १८९३ चे मुंबईचे दंगे होऊन चारच वर्षे झाली होती. सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवाजी उत्सव यांमुळे मुसलमान समाजात टिळकांविषयी संशय होता. खटल्यातला मजकूर तर अफझलखानाच्या वधाविषयीचा. सरकारचाही रोष होता. ‘साहेब कुणाचे आहेत’ या मापाने पाहणाऱ्याने तय्यबजींचा निकाल आधीच लिहून ठेवला असता.

तय्यबजींनी जामीन दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहावा, एवढाच जामिनाचा हेतू. टिळकांसारखा माणूस पळून जाईल असे मानायला कारण नाही. उलट त्यांना कैदेत ठेवले तर बचावाची तयारी नीट करता येणार नाही आणि पुढे ते निर्दोष ठरले तर तो अन्यायच होईल. खटल्यात खरे-खोटे काय, यावर त्यांनी काही म्हटले नाही. निकाल लागला तो कारणांवर. त्यात त्यांची जात, त्यांचा समाज, टिळकांशी असलेले मतभेद यांपैकी काहीच नव्हते. त्या अर्जात टिळकांची बाजू मांडली ती दिनशा दावर या पारशी बॅरिस्टरांनी. हे नाव लक्षात ठेवावे.

सप्टेंबरात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ त्यांनी ज्युरीला ‘प्रीतीचा अभाव’ असा सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा, असे ते झाले. ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. स्ट्रेचींचे नाव त्या एका व्याख्येला कायमचे चिकटले. न्यायाधीश निवृत्त होतो, पण त्याने दिलेली कारणे निवृत्त होत नाहीत.

दुसरा खटला १९०८ चा. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून २४ जूनला टिळकांना पुन्हा अटक झाली. जामिनाचा अर्ज हायकोर्टात मांडला बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी. त्यांचे पुढचे राजकारण हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरायचे नाही. समोर न्यायमूर्ती होते ते दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागणारे तेच दावर. आता त्यांनी जामीन नाकारला, आणि कारणे तपशिलात सांगणे टाळले. २२ जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड, अशी शिक्षा दावरांनी सुनावली आणि शिक्षा देताना टिळकांच्या लिखाणाविषयी कठोर भाषा वापरली.

गिरणगावाने आपला अभिप्राय लगेच दिला. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर होते. शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस, असे त्या संपाविषयी सांगतात. गोळीबार झाला, माणसे मेली. न्यायालयाच्या निकालावर अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी दिलेला तो जाहीर शेरा होता.

पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा शेरा. तो कागदाच्या एका चिटोऱ्यावर लिहिला गेला. ही हकिकत न्या. महंमद करीम चागला यांनी आपल्या ‘रोझेस इन डिसेंबर’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. चागला तरुणपणी जिनांच्या चेंबरमध्ये काम शिकत होते. पुढे दावरांना सरकारने ‘सर’ ही पदवी दिली. वकील मंडळींनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी द्यायचे ठरवले. कोण कोण येणार यासाठी परिपत्रक फिरवले गेले. ते जिनांकडे आले तेव्हा त्यांनी त्यावर शेरा लिहिला. सरकारला हवे ते करून आणि एका थोर देशभक्ताला निर्दय शिक्षा ठोठावून ज्याने पदवी मिळवली, त्या न्यायाधीशाला मेजवानी देण्याची बारला लाज वाटली पाहिजे, अशा अर्थाचा तो शेरा होता.

गोष्ट दावरांच्या कानी गेली. त्यांनी जिनांना चेंबरमध्ये बोलावून विचारले, माझ्या कोर्टात मी तुम्हाला कसे वागवले? जिना म्हणाले, फार चांगले. मग तुम्ही माझ्याविषयी असे का लिहिलेत? त्यावर जिनांनी सांगितले की मला ते खरे वाटले म्हणून लिहिले. तुम्ही मला कितीही चांगले वागवले असले तरी टिळकांचा खटला तुम्ही ज्या रीतीने चालवला, त्याविषयीची माझी तीव्र भावना मी दाबून ठेवू शकत नाही.

या प्रसंगाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. शेरा मारणाऱ्याचे स्वतःचे काही बिघडले नव्हते. साहेबांनी त्याला चांगले वागवले होते आणि उद्याही त्याच साहेबांपुढे त्याला उभे राहायचे होते. धंद्याचा विचार केला असता तर मेजवानीला जाऊन दोन घास खाणे सोपे होते. तरी त्याने लिहिले, आपल्या हातचे अक्षर कबूल केले आणि तोंडावर विचारल्यावर माघार घेतली नाही. आणखी एक गोष्ट. दावर पारशी, आरोपी हिंदू, शेरा मारणारा मुसलमान. यातल्या कुणाच्या धर्माचा त्या शेऱ्यात उल्लेखही नाही. आरोप होता तो न्यायाधीशाच्या कृतीवर.

१९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुंबई हायकोर्टात ज्या दालनात खटला चालला त्याच्या बाहेर टिळकांचे शिक्षेपूर्वीचे उद्गार कोरलेली संगमरवरी पाटी बसवली गेली. तिचे अनावरण केले तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती चागला यांनी. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने, जणू आपल्याच जुन्या निकालावर, भिंतीत शेरा लिहून ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षे लागली, पण लिहिला.

स्वातंत्र्यानंतर न्यायाधीश आपले झाले, तरी त्यांच्यावर बोलायचे किती हा प्रश्न सुटला नाही. १९६७ मध्ये केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद पत्रकारांपुढे म्हणाले की न्यायाधीश वर्गीय हितसंबंधांनी बांधलेले असतात. चांगले कपडे घातलेला श्रीमंत आणि फाटक्या कपड्यांतला अडाणी गरीब यांचा पुरावा सारखाच असला, तर न्यायाधीशाचा कल सहज श्रीमंताकडे जातो. त्यांच्यावर बेअदबीचा खटला झाला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. हे हिदायतुल्ला नागपूरच्या हायकोर्टात वकिली करून पुढे तिथेच मुख्य न्यायमूर्ती झालेले. त्यांनी नंबुद्रिपादांना दोषी धरले, पण हजार रुपयांचा दंड पन्नास रुपयांवर आणला. चिंचेच्या झाडाखाली जे रोज बोलले जाते, तेच मुख्यमंत्र्याने उघड म्हटले की गुन्हा होतो, हे त्या निकालाने दिसले. मात्र त्याची किंमत पन्नास रुपयेच ठरली, हेही दिसले.

मग १९९० उजाडले. मुंबईच्या वकिलांनी हायकोर्टाच्या काही विद्यमान न्यायमूर्तींच्या सचोटीवर उघड प्रश्न उपस्थित केला आणि त्यांनी पायउतार व्हावे असे ठराव केले. पुढाकार होता बॉम्बे बार असोसिएशनचे अध्यक्ष इक्बाल चागला यांचा. हे महंमद करीम चागला यांचे चिरंजीव. बापाने चिटोऱ्याची गोष्ट लिहून ठेवली आणि मुलाने तोच शेरा ठरावाच्या रूपात, सभा घेऊन, बहुमताने मारला. आपल्या रोजीरोटीची दोरी ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध हात वर करणे ही साधी गोष्ट नव्हे.

१९९५ मध्ये प्रकरण आणखी वर गेले. मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांनी आपल्या पुस्तकाच्या परदेशी प्रकाशनासाठी एका प्रकाशकाकडून ८०,००० डॉलर स्वीकारल्याचा प्रश्न वकिलांनी काढला. त्या पुस्तकाचा विषय होता मुस्लिम कायदा आणि संविधान. एवढी मोठी रक्कम कशासाठी, असा वकिलांचा सवाल होता. आरोप कोर्टात सिद्ध होण्याची वेळ आली नाही, कारण वकील संघटनांनी ठराव केल्यानंतर मुख्य न्यायमूर्तींनी राजीनामा दिला. पण वकिलांना असे ठराव करण्यापासून रोखावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. ५ सप्टेंबर १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की ठराव करून, दबाव आणून न्यायाधीशाला घालवणे हे न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याला घातक आहे. वकिलांनी आपल्याजवळची माहिती मुख्य न्यायमूर्तींकडे द्यावी, तक्रार मुख्य न्यायमूर्तींविरुद्धच असेल तर सरन्यायाधीशांकडे द्यावी आणि पुढची चौकशी न्यायसंस्थेने आत करावी. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली.

या निकालातली भीती खोटी नाही. आज वकिलांच्या बहुमताने भ्रष्ट न्यायाधीश जाईल, उद्या त्याच बहुमताने कडक न्यायाधीश घालवला जाईल. बहुमत कुणाचे असते, हे अल्पसंख्याकाला समजावून सांगावे लागत नाही. उद्या एखाद्या गावात लोकांना न रुचणारा पण कायद्याला धरून असलेला जामीन कुणी दिला, तर हात वर करून त्याचा हिशेब व्हावा काय? १८९७ च्या ऑगस्टमध्ये मतदान घेतले असते तर तय्यबजींना त्यांच्याच समाजातून किती मते पडली असती? दुसऱ्या बाजूने, सारेच आत ठेवले तर लोकांना कळणार कसे? जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशांचे गोपनीय अहवाल हायकोर्टात लिहिले जातात. तेही मूल्यमापनच आहे. ते कागदात बंद आणि झाडाखालचे हवेत. दोघांची भेट होत नाही. अमेरिकेतील अलास्का राज्यात गेली काही दशके वकिलांना आणि कोर्टाशी संबंध येणाऱ्या इतरांना न्यायाधीशांविषयी रीतसर प्रश्न विचारले जातात आणि उत्तरांचा गोषवारा मतदारांपुढे ठेवला जातो. तिथे न्यायाधीश ठेवायचा की नाही हे मतदार ठरवतात, आपल्याकडे तसे नाही. म्हणून ती रीत उचलून इथे आणता येणार नाही. पण तिथे काय विचारतात ते पाहण्यासारखे आहे. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या का, कायदा त्यांना येतो का, वागणूक समान होती का, काम वेळेवर झाले का. निकाल तुमच्या बाजूने लागला का, हा तो प्रश्न नव्हे.

कायद्यानेही थोडी वाट मोकळी केली आहे. १९७१ च्या बेअदबीच्या कायद्यानुसार निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा गुन्हा नाही. २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि लोकहितासाठी, प्रामाणिकपणे सांगितलेले सत्य हा बचाव कोर्ट मान्य करू शकते असे ठरले. तरीही २०२० मध्ये वकील प्रशांत भूषण न्यायाधीशांवरील टीकेसाठी दोषी ठरले आणि त्यांना एक रुपया दंड झाला. हजाराचे पन्नास, पन्नासाचा एक. रक्कम उतरत गेली, गुन्हा तेवढा राहिला.

आता आपल्याकडे वळतो, कारण लिहायचे ते त्यासाठीच. आपल्या मोहल्ल्यात एखादा निकाल विरोधात गेला की पहिला प्रश्न ‘न्यायाधीश कोण होता’ असा येतो, ‘त्याने कारण काय दिले’ असा येत नाही. त्यामागे अनुभव आहेत, सोसलेले आहे, हे मी नाकारीत नाही. पण त्या मापाने मोजू लागलो तर ज्या रानड्यांच्या पीठाने टिळकांना जामीन नाकारला आणि ज्या तय्यबजींनी तो दिला, त्या दोघांचाही अर्थ आपल्याला लागणार नाही. आणि उद्या आपल्यातला एखादा तय्यबजी त्या खुर्चीवर बसेल तेव्हा समोरचा पक्षकार त्याच मापाने त्याला मोजेल. तेव्हा तक्रार करायला आपल्याला तोंड उरणार नाही. निकालपत्र मागावे, ते वाचावे, येत नसेल तर वाचून घ्यावे, आणि कारणे खोटी वाटली तर तसे सहीनिशी म्हणावे.

आमच्या बांधाचा दावा अखेर आम्ही हरलो. बाहेर आल्यावर झाडाखाली कुणीतरी अब्बांना म्हणाले, “साहेब त्यांचेच होते.” अब्बांनी निकालाची नक्कल पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “आमच्या साक्षीदाराचं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. कागद आमच्याकडेच कमी होता.” अपील करायचे नाही असे त्यांनी एस.टी.तच ठरवले. त्या साहेबांची पुढे कुठे बदली झाली कोण जाणे. आपल्याविषयी एका हरलेल्या पक्षकाराने काय अभिप्राय दिला, हे त्यांना कधीच कळले नसेल.